टन सगळ्यात शेवटी: सोलापुरातल्या एका अभ्यासिकेचं वातानुकूलन

जुळे सोलापुरातल्या एका तीन मजली इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढायची होती. पन्नास खुर्च्या, स्पर्धा परीक्षेची पोरं, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत. मालकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्याकडे एक कोटेशन आधीच येऊन पडलेलं होतं: दोन टनाचे चार एसी.

“हजार स्क्वेअर फुटाला आठ टन. सव्वाशेला एक. सगळीकडं असंच धरतेत की ओ. तुम्ही फक्त बरोबर हाय का नाही तेवढं सांगा.”

मी टेप घेऊन हॉल मोजला, रात्री बसून हिशेब केला आणि उत्तर आलं ७.९ टन. म्हणजे कोटेशन बरोबर होतं! फक्त ते त्या इमारतीसाठी बरोबर होतं, जिच्या छतावर काहीच नव्हतं, पश्चिमेच्या खिडक्या उघड्यावाघड्या होत्या आणि जिला दुरुस्त करायचं कुणाच्या मनातही नव्हतं. ठोकताळ्याची हीच गंमत आहे. वाईट इमारतीला तो बरोबर बसतो आणि म्हणूनच कुणी इमारत सुधारत नाही.

शेवटी आम्ही पाच टनांत काम भागवलं. ते कसं, हे त्याच हॉलच्या आकड्यांसह सांगतो. आकडे माझ्या गणितातले आहेत, तुमच्या जागेचे वेगळे येतील; पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका.

पायरी १: आपल्याकडे दोन उन्हाळे आहेत असं समजा

सोलापूर उष्ण-कोरड्या पट्ट्यात मोडतं. मे महिन्यात दुपारी चाळीस-बेचाळीस अंश आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास. जूनच्या मध्यापासून चित्र उलटतं: पारा तीसच्या आसपास येतो, पण हवेत ओलावा भरतो. एक किलो हवेत मे महिन्याच्या दुपारी साधारण दहा ग्रॅम पाण्याची वाफ असते, जुलैत ती अठरा-वीस ग्रॅमपर्यंत जाते.

हे आकडे पाठ करून ठेवा, पुढे जागोजागी लागतील. मे महिन्यात लढाई उष्णतेशी असते, जुलैत ओलाव्याशी. एकाच हंगामाचा विचार करून केलेलं डिझाइन दुसऱ्यात तोंडावर पडतं. हे मी स्वतः भोगलंय. धंद्यात नवा असताना एका साड्यांच्या दुकानाला मी मे महिन्याच्या भीतीने जवळजवळ दुप्पट टन देऊन बसलो होतो. मे महिना झकास गेला. जुलैत फोन आला, दुकानात कोंदट वास येतोय, साड्यांच्या घड्या हाताला दमट लागतायत. कारण साधं होतं. मशिन एवढं मोठं की दोन-चार मिनिटांत थर्मोस्टॅटचा आकडा गाठून कॉम्प्रेसर बंद पडायचा. कॉइल थंडगार राहून त्यावर पाणी सुटायला जो वेळ लागतो, तो त्याला मिळतच नव्हता. हवा गार होत होती, वाळत नव्हती.

हिवाळ्याचं एका ओळीत सांगतो: सोलापुरात खोली तापवायची यंत्रणा लागत नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे गारठा असतो, तेवढ्यापुरत्या खिडक्या लावून घ्यायच्या. हॉस्टेल किंवा दवाखाना असेल तर गरम पाण्यासाठी सौर बंब बसवा आणि विषय संपवा.

पायरी २: आत किती गार हवंय ते कागदावर लिहा

“एसी चांगला गार झाला पाहिजे” हे काही माप नव्हे. २०१४ मध्ये अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आपल्याच देशातल्या कार्यालयांमधल्या लोकांना विचारून एक सूत्र बसवलं गेलं, २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही ते आलं. त्याचा गाभा असा की बाहेर जसं हवामान असतं, त्याला माणसाचं शरीर सरावतं. त्यामुळे आतलं सुखाचं तापमान हा ठरीव आकडा नसतो.

काही वेळ खिडक्या आणि काही वेळ एसी अशा मिश्र इमारतीसाठी सूत्र आहे: मागच्या तीस दिवसांचं बाहेरचं सरासरी तापमान गुणिले ०.२८, अधिक १७.८७. मे महिन्यात आपल्याकडे दिवस-रात्रीची सरासरी तेहेतीस धरली, तर उत्तर येतं २७.१ अंश. नुसत्या खिडक्या-पंख्यांच्या इमारतीसाठी ०.५४ ने गुणून १२.८३ मिळवायचे, तिथे उत्तर जवळजवळ ३०.७ येतं. म्हणजे चप्पल बाहेर काढून वाड्यात येणाऱ्या आपल्या आजोबांना एकतीस अंशांत जी झोप लागायची, तिला शास्त्राचा आधार आहे.

मी अभ्यासिकेसाठी २७ अंश आणि डोक्यावर पंखा, असं लिहून मालकांची सही घेतली. पंख्याचा वारा अंगावर सेकंदाला एक मीटर वेगाने आला तर दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा तीसेक वॅट खातो, जुना साधा पंचाहत्तर. तापमान एक अंशाने वर ठेवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं केंद्र सरकारची ऊर्जा कार्यक्षमता संस्था बीईई सांगते. एकवीस-बावीसवर लावून स्वेटर घालून बसणारी कार्यालयं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं.

पायरी ३: छत

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. वरच्या मजल्यावर दुसरं काहीही करायची ऐपत नसेल, तरी हे करा.

सोलापूर-मराठवाड्याच्या जुन्या गावठाणात माळवदाची घरं अजून उभी आहेत. लाकडी कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि वर वीतभर-हातभर पांढऱ्या मातीचा थर. भर दुपारी आत गेलात तर अंगावर गारवा येतो. आपण माळवद पाडलं आणि त्याच्या जागी सहा इंची स्लॅब आणला. स्लॅब मजबूत आहे, पण उष्णतेच्या बाबतीत तो तवा आहे. दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सात वाजता, बाहेर वारा सुटलेला असताना, आत भाजायला लागतो.

आकड्यांत सांगायचं तर छतातून उष्णता किती सहज झिरपते त्याचं माप म्हणजे यू-व्हॅल्यू: आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात. उघड्या सहा इंची स्लॅबची ती साडेतीनच्या आसपास असते. बीईईच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने घरांच्या छतासाठी घातलेली मर्यादा आहे १.२. म्हणजे आपला नेहमीचा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट गळका. स्लॅबवर पन्नास मिलिमीटर एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड टाकला की आकडा थेट ०.५ वर येतो.

आमच्या हॉलचं छत ९३ चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चारला उघड्या स्लॅबमधून सुमारे ८.३ किलोवॅट उष्णता आत येत होती. पन्नास पोरांच्या अंगातून निघते त्याहून जास्त! एक टन म्हणजे ३.५२ किलोवॅट, तेव्हा सव्वादोन टनांहून जास्त मशिन नुसतं छताशी भांडत बसणार होतं. बोर्ड आणि वर पांढरा थर दिल्यावर हीच उष्णता ०.७ किलोवॅटवर आली.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी स्लॅबच्या भेगा आणि पॅरापेटच्या कडेची वाटा (कोपऱ्याची गोलाई) नीट करून वॉटरप्रूफिंग. मग चोवीस तास नव्हे, दोन-तीन दिवस पाणी भरून चाचणी, कारण बोर्डाखाली गळती लागली तर शोधायला सगळं उखडावं लागतं. त्यावर एक्सपीएस बोर्ड, सांधे एकमेकांना घट्ट भिडवून. वर जाळी घालून दीड-दोन इंच काँक्रीटचा थर, उतार पावसाळी नळाकडे. सगळ्यात वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. गवंड्याला “पांढरंच” असं दोनदा सांगा, नाहीतर तो उरलेल्या रंगीत तुकड्यांची नक्षी काढून देतो. बोर्ड थर्माकोलचा वापरायचा म्हटलं तर जाडी पाव पटीने वाढवा आणि घनता बघून घ्या. पॅकिंगचा थर्माकोल पायाखाली दबतो.

स्लॅबच्या आतून, म्हणजे फॉल्स सीलिंगवर, बोर्ड लावायचा सल्ला बरेच जण देतात. स्वस्त पडतं म्हणून. मी टाळतो. बाहेरून लावला की स्लॅब सावलीत राहतो आणि रात्री गार केला तर दिवसा उपयोगी पडतो. आतून लावला की स्लॅब तापतच राहतो, फुगतो-आकसतो आणि भेगा पाडतो. पत्र्याच्या शेडला मात्र आतून लावण्यावाचून इलाज नसतो.

गच्चीवर सोलर पॅनेल येणार असतील तर त्यांची सावली फुकटात मिळते. तरी बोर्ड टाळू नका.

पायरी ४: भिंती आणि खिडक्या, आणि उत्तरेचं ऊन

सोलापूर साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे दहा मेच्या सुमारास आणि पुन्हा दोन ऑगस्टच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो दुपारी बाराला उत्तरेकडे झुकलेला असतो. “उत्तरेला ऊन येत नाही” हे वाक्य आपल्या गावाला भर उन्हाळ्यात लागू पडत नाही. उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या द्या.

दक्षिण सगळ्यात सोपी. चार फूट उंच खिडकीवर लगेच वर दीड फुटाचा छज्जा दिला तर मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत दुपारचं ऊन काचेवर पडतच नाही. डिसेंबरात सूर्य एकोणपन्नास अंशांवर उतरतो तेव्हा अर्धी खिडकी उन्हात येते, आणि तेव्हा ते हवंच असतं.

खरी डोकेदुखी पश्चिम. तिथे छज्जा कितीही पुढे काढा, चार वाजता सूर्य त्याच्या खालून डोकावतो. आमच्या हॉलला पश्चिमेला पाच बाय चारच्या दोन खिडक्या होत्या, आणि त्या दोनच काचांतून दोन किलोवॅटच्या वर उष्णता येत होती. आतून पडदे लावून उपयोग नाही. ऊन काचेतून आत आलं की ते आत आलं, मग पडदा तापतो आणि खोली तापवतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर. आम्ही भिंतीपासून फूटभर अंतर सोडून लोखंडी चौकट उभी केली, तिला चिकाचे (बांबूच्या काड्यांचे) पडदे अडकवले आणि खाली मधुमालतीच्या दोन कुंड्या ठेवल्या. वेल चढेपर्यंत चिक, नंतर दोन्ही. खिडक्यांची उष्णता पाऊण किलोवॅटवर आली, आणि ती भिंतही सावलीत गेली.

बांधकाम नवंच असेल तर पश्चिमेला जिना, संडास, स्टोअर टाका आणि भिंत आठ इंची एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची घ्या. नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा तिच्यातून एक तृतीयांशच उष्णता जाते. जुन्या भिंती पाडून ब्लॉक लावण्यात मात्र काही अर्थ नाही. पांढरा रंग द्या आणि पुढे चला.

पायरी ५: ताजी हवा, जी कोटेशनमध्ये नसते

माझ्याकडे आलेल्या त्या आठ टनांच्या कोटेशनमध्ये ताज्या हवेचा एक शब्दही नव्हता. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो, हे अजूनही बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. पन्नास माणसं दारं-खिडक्या लावून चार तास बसली की कार्बन डायऑक्साइड चढत जातो, पोरं पेंगायला लागतात आणि दोष अभ्यासाला लागतो.

वाचनालयासाठी अमेरिकेच्या ॲश्रे संस्थेच्या मानकाचा किमान आकडा आहे माणशी ५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा), अधिक दर स्क्वेअर फुटाला ०.१२. आमच्या हॉलला ते ३७० सीएफएम होतात. पण बसलेला माणूस सेकंदाला साधारण पाच मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्या हिशेबाने एवढ्या हवेत पातळी अठराशे पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत अठराशे) जाते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना ते मी देणार नाही. माणशी १५ धरले, ७५० सीएफएम. पातळी अकराशेच्या आसपास राहते.

याची किंमत? बेचाळीस-एक्केचाळीस अंशांची हवा सत्तावीसवर आणायची म्हणजे साडेपाच किलोवॅट, दीड टनांहून जास्त. इथे मे महिन्याचा कोरडेपणा थोडी मदत करतो: आत येणारी हवा इतकी कोरडी असते की पोरांच्या अंगातून आणि श्वासातून सुटणारा बहुतेक ओलावा तीच उचलून बाहेर नेते. उष्णतेचा प्रश्न मात्र उरतो. त्यासाठी आम्ही ईआरव्ही घेतले. नाव भारी आहे, काम साधं: बाहेर जाणारी गार हवा आणि आत येणारी गरम हवा एकाच डब्यातून, पण वेगवेगळ्या पापुद्र्यांतून जातात आणि जाता-जाता उष्णतेची देवाणघेवाण करतात. पासष्ट टक्के उष्णता दारातच अडली, साडेपाचाचे १.९ किलोवॅट झाले.

ओलावाही अदलाबदल करणारा गाभा घ्या. मे महिन्यात त्याने थोडं नुकसान होतं, कारण आतला ओलावा अर्धाअधिक परत येतो. पण जुलैत बाहेरचा ओलावा तो दारात अडवतो, आणि जुलैच जास्त छळतो.

चारशे सीएफएमचे दोन डबे, प्रत्येकाला दहा इंची गोल डक्ट. हवेचा वेग सेकंदाला साडेतीन मीटर येतो, वाचनालयात आवाज चालत नाही म्हणून याहून वर जाऊ नये. कंत्राटदार आठ इंचीचा आग्रह धरेल, फ्लेक्सिबल डक्टची वळणावळणाची शेपटी लावून देईल. दोन्हीला नाही म्हणा. हवा घेण्याचं तोंड उत्तरेकडे, सावलीत, संडासाच्या एक्झॉस्टपासून आणि जनरेटरपासून किमान दहा फूट दूर, आणि पुढे धुता येणारी जाळी. सोलापूरची धूळ पंधरा दिवसांत फिल्टर बुजवते.

रात्री एक वेगळं काम करता येतं. मे महिन्यातही पहाटे पारा पंचवीस-सव्वीसवर येतो. अभ्यासिका अकराला बंद झाली की टायमरवर दोन मोठे एक्झॉस्ट पंखे सुरू करायचे, समोरच्या जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, सहाला बंद. स्लॅब आणि भिंती रात्रभर गार होतात आणि सकाळी अकरापर्यंत एसी लावावा लागत नाही. आपल्या आज्या हेच करायच्या: रात्री सगळं सताड उघडं, सकाळी नऊच्या आत सगळं बंद, वर वाळ्याची ताटी.

पायरी ६: कूलर चालेल का? आधी नळाला विचारा

वाळ्याच्या ताटीवरून कूलरचा विषय निघतोच. आमच्या वाड्यातले एक काका मिलमध्ये ह्युमिडिफिकेशन खात्यात होते. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून विणकामाच्या खात्यात पाण्याच्या फवाऱ्यातून हवा सोडायची. ते म्हणायचे, “लोक म्हणायचे मिलमधी गार लागतं. गार करायला नव्हतं ते, सुतासाठी होतं.” कूलरचं तत्त्व तेच.

गणित असं. चाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रतेला वेट बल्ब, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा, साधारण बावीस. चांगला हनीकोंब पॅड या अंतराच्या ऐंशी टक्के उतरवतो. बाहेर पडणारी हवा सव्वीसच्या आत! विजेचा खर्च एसीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. म्हणून घर, टॉवेल-चादरीचं कारखाना-शेड, मंगल कार्यालय, मेस यांना मे महिन्यात कूलरच घ्या, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीतला कूलर म्हणजे मोदकपात्र.

जुलैत मात्र तीस अंश आणि पंचाहत्तर टक्क्यांना वेट बल्बच सव्वीसवर असतो. कूलर तीन अंश खाली आणेल आणि वह्या-पुस्तकं सादळवेल. त्यात पाण्याचा हिशेब आहे. एक टन गारव्याला तासाला सुमारे पाच लिटर पाणी उडून जातं, शिवाय क्षार साचू नयेत म्हणून टाकीतलं थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. पॅडवर पांढरा थर चढून तो दगड झालेला सोलापुरात कुणी पाहिला नाही? नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात तीन महिने टँकरवर कूलर चालवणं म्हणजे वीज वाचवून पाणी जाळणं. याच कारणाने लहान-मध्यम इमारतींना मी इथे कूलिंग टॉवरवाली यंत्रणा सुचवत नाही, हवेनेच थंड होणारी घेतो.

पायरी ७: आता बेरीज

मे, दुपारी चार, बाहेर ४१, आत २७. आधी आणि नंतर, किलोवॅटमध्ये:

छत ८.३ होतं, ०.७ झालं. तिन्ही उघड्या भिंती २.२ वरून १.९. पश्चिमेच्या काचा २.१ वरून ०.७५. उत्तर-दक्षिणेच्या काचा २.० आणि तशाच. पन्नास माणसं, प्रत्येकी १२० वॅट, ६.० आणि तीच. दिवे, पंखे, वीसेक लॅपटॉप मिळून १.६. ताजी हवा ५.५ वरून १.९.

आधीची बेरीज २७.७, म्हणजे ७.९ टन. नंतरची १४.८५, म्हणजे ४.२ टन.

जुलैसाठीही एकदा मांडा. छत-भिंतींचा आकडा जवळजवळ नाहीसा होतो, पण ताज्या हवेचा ओलावा ईआरव्हीनंतरही तीनेक किलोवॅटचा उरतो. एकूण साडेबाराच्या आसपास, पण त्यातला चाळीस टक्के भाग ओलाव्याचा. घरगुती स्प्लिट एसीला हे प्रमाण झेपत नाही, म्हणून जुलैत एसीच्या पंख्याचा वेग कमी आणि ड्राय मोड. हेच मशिन आठ टनांचं असतं तर माझ्या त्या साड्यांच्या दुकानाची पुनरावृत्ती झाली असती.

पायरी ८: मशिन

इथवर आलात की हे काम दहा मिनिटांचं आहे. एसीच्या लेबलवरचा टन बाहेर पस्तीस अंश असताना मोजलेला असतो. त्रेचाळीसला तो साधारण दहा टक्के कमी भरतो. ४.२ ला तेवढी भर घातली की ४.६. दीड टनाचे दोन आणि दोन टनाचा एक, मिळून पाच, तिन्ही इन्व्हर्टर. एकच मोठं मशिन घेऊ नका. पंधराच पोरं असतात तेव्हा एकावर भागतं, आणि एक बिघडलं तर अभ्यासिका बंद पडत नाही.

चांदण्या मोजण्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआर (हंगामभरात विजेच्या एका युनिटमागे किती गारवा मिळतो) हा आकडा बघा, आणि त्याच्या शेजारचं वर्षही. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे गोदामात पडून राहिलेल्या जुन्या पाच चांदण्या आजच्या चार किंवा तीन असू शकतात. जोडलेला भार १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर व्यापारी इमारतींच्या ऊर्जा संवर्धन संहितेचा विचार करावा लागतो. पाच टनांची अभ्यासिका त्याच्या आसपासही जात नाही.

पायरी ९: बसवण्याच्या दिवशी तिथेच उभे राहा

चांगलं डिझाइन एका दुपारीत वाया जातं, ते इथे. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगू देऊ नका. गच्चीवर ठेवायचं तर वर सावली करा, पण सावलीचा पत्रा पंख्याच्या तोंडावर यायला नको, नाहीतर सोडलेली गरम हवा तोच परत ओढतो. तीन युनिटं एकमेकांच्या तोंडासमोर कधीच नकोत.

तांब्याचे पाइप जोडल्यावर मेकॅनिक थोडा गॅस सोडून “हवा काढली” म्हणेल. ऐकू नका. आधी नायट्रोजन भरून गळती तपासणं, मग व्हॅक्यूम पंप लावून पाचशे मायक्रॉनपर्यंत ओढणं, आणि पंप बंद केल्यावर आकडा स्थिर राहतो का ते पाहणं. आत राहिलेली हवा आणि दमट अंश मशिनची कार्यक्षमता खातो, आणि ते बिलात दिसतं, डोळ्यांना नाही. आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, जवळ विडी-सिगारेट चालणार नाही. पाण्याच्या नळीला शंभर फुटाला एक फूट तरी उतार द्या. जुलैत तीच नळी बादलीभर पाणी देते, ते मधुमालतीला घाला.

पायरी १०: पैसे चुकते करण्याआधी मोजा

शेवटचा हप्ता हातात ठेवून पुढची मापं घ्या. प्रत्येक एसीत आत जाणारी आणि बाहेर पडणारी हवा यांत आठ ते बारा अंशांचा फरक. ईआरव्हीच्या प्रत्येक तोंडाशी ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजणारं यंत्र) धरून बेरीज ७५० सीएफएमच्या खाली नको. पन्नास माणसं बसवून दोन तासांनी कार्बन डायऑक्साइडचा मीटर हॉलच्या मधोमध, तोंडापासून दूर ठेवा, आकडा अकराशेच्या आसपास हवा; साधा हातातला मीटर पुरतो. क्लॅम्प मीटरने तिन्ही युनिटांचे अँपिअर लिहून घ्या; पुढच्या मे महिन्यात हेच आकडे वाढलेले दिसले तर कॉइल माखलीय किंवा गॅस गेलाय.

आमच्याकडे पहिल्या मोजणीत ईआरव्हीची हवा साडेपाचशेच निघाली. कंत्राटदार म्हणाला मीटर चुकीचा. शिडी लावून सीलिंगचा एक तुकडा काढला, तर एका डक्टच्या तोंडात पॅकिंगचा थर्माकोल तसाच अडकलेला.

आता तिथे दाराशेजारी एक पाटी आहे: फिल्टर दर पंधरा दिवसांनी, आउटडोअर कॉइल मार्च आणि जूनमध्ये धुणे, रिमोट २७ वर. पोरांनी त्याखाली पेनाने लिहिलंय, “२४ करायचं असेल तर स्वतःचं बिल आणा.”